आगोटीचा डबा

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी आगोटीचे डबे भरले. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

आगोट सगळ्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आगोट म्हणजे पावसाच्या तोंडचे दिवस. तेव्हा आम्ही कोळी होड्या वर ओढतो, जाळी घरात आणतो. मग बरेच दिवस पाण्यातून काही मिळत नाही. त्या दिवसांसाठी मे महिन्यातच सुकी मासळी भरून ठेवायची, तिला आगोटीची बेगमी म्हणतात. आता आमच्या कोलशेतच्या खाडीत काय मिळतं ते विचारू नका, आम्ही पण सुकं विकतच आणतो. पण डबे भरायचे म्हणजे भरायचे. हिरा, म्हणजे माझी बायको, कात्रीने बोंबलाची डोकी-शेपट्या उडवायची. मी डबे उन्हात तापवून आत कागद घालायचो. ती भरायची, मी झाकण लावायचो. लग्नापासून ही वाटणी ठरलेली.

दर वर्षी एक डबा जास्तीचा असायचा. तो सुजाताचा. सुजाता कोण ते पुढे येईल. यंदा त्याच डब्याचं झाकण बसेना. डबा पडून कडेला चेपलेला. हिरा म्हणाली, "उद्या जरा ठोकून सारखा करा अवो, हवा लागली तर बुरशी धरंल." मी बरं म्हणालो.

रविवारी सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय बंद पडलं, त्रास झाला नाही. यापुढचं मला लिहिता येत नाही, लिहायचंही नाही.

दिवाळी अंकवाल्यांनी मला लिहायला सांगितलं ते नोकरीबद्दल. लिहिणारा मी नव्हे. सातवीत शाळा सोडलेला माणूस. जसं बोलतो तसं लिहिलंय, ते त्यांनी नीट करून घ्यावं, फार नीट करू नये.

कोलशेतला एक मोठा कारखाना होता, आता त्या जागी टॉवर उभे आहेत. तिथे मी टाइम ऑफिसात होतो. शिपाई म्हणून लागलो, टाइमकीपर होऊन निवृत्त झालो. टाइम ऑफिस म्हणजे गेटजवळची खोली. कामगार येताना कार्ड पंच करतो, कोण उशिरा आला, कोण ओव्हरटाइमला थांबला, सगळं तिथे. नवीन माणूस लागला की त्याचे फोटो, अंगठे, सह्या आम्हीच घ्यायचो, आणि पीएफचे कागदही आमच्याकडूनच पुढे जायचे. कागद घेऊन पीएफच्या कचेरीत जाणं हे माझं काम. तिथल्या बाकावर मी जितका बसलो तितका शाळेच्या बाकावर बसलो नाही.

मला हे सगळं शिकवलं टिपणीससाहेबांनी. आमचे हेडक्लार्क. नाकावर चष्मा, तोंडात लवंग, आणि दिवसातून एकदा तरी मला गाढव म्हणायचे. मी स्वतः लागलो तेव्हा पगारातून काही कापू नका म्हणून त्यांच्याशी भांडलेलो. त्यांनी माझा हात धरून सही करून घेतली आणि म्हणाले, म्हातारा होशील तेव्हा मला शिव्या दे. आज पेन्शन खातोय. शिव्या द्यायला ते राहिले नाहीत. पहिली तारीख आली की मी मनातल्या मनात त्यांना हात जोडतो.

पीएफ आणि पेन्शन हे लोकांना फार कठीण वाटतं. कठीण नाही. कामगाराच्या पगारातून एक हिस्सा कापतात, तेवढाच कंपनी आपल्या खिशातून घालते. कामगाराचा सगळा हिस्सा पीएफमध्ये जातो. कंपनीच्या हिश्श्यातला मोठा तुकडा पेन्शनमध्ये जातो. म्हणजे पेन्शन कंपनीच्या पैशाचं असतं, आपल्या नव्हे. हे निम्म्या कामगारांना निवृत्त होईपर्यंत कळत नाही.

खरी गंमत दाराशी आहे. पोरगा आयटीआय करतो, मग अप्रेंटिस म्हणून लागतो. अप्रेंटिसला मिळतं ते विद्यावेतन, पगार नव्हे, त्यामुळे त्यातून पीएफ नाही. शिक्षण संपून तो कामगार होतो, त्या दिवशी दाराशी त्याचं माप घेतात. मूळ पगार सरकारने ठरवलेल्या मर्यादेच्या आत असेल तर त्याला आत घ्यावंच लागतं. पहिल्याच दिवशी मर्यादेच्या वर असेल तर कंपनीवर सक्ती नाही. आणि हल्ली तर अशा नव्या माणसाला पेन्शनचं दारच बंद. पण जो एकदा आत गेला, त्याचा पगार पुढे कितीही वाढला तरी त्याला कोणी बाहेर काढत नाही. पेन्शन मात्र मर्यादेपर्यंतच्या पगारावरच धरतात. वीसेक वर्षांपूर्वी ती मर्यादा साडेसहा हजार होती, आता पंधरा हजार आहे. उंची मोजतात ती फक्त आत शिरताना. म्हणून मी पोरांना सांगायचो, पहिल्या दिवशी जरा वाकून आत जा रे, मग आत पाहिजे तेवढे ताठ उभे राहा.

गिऱ्हाइकं एकेक भारी यायची. प्रेस शॉपचा, म्हणजे पत्रे दाबायच्या खात्यातला, एक जाधव होता, तो दर दिवाळीला यायचा आणि विचारायचा, माझे पैसे जागेवर आहेत ना. टिपणीससाहेब त्याला स्लिप दाखवायचे. तो म्हणायचा, कागद नको, पैसे दाखवा. एकदा साहेब इतके वैतागले की मला म्हणाले, याला कचेरीत ने आणि तिजोरीला हात लावून आण. मी खरंच नेला. तिथे तिजोरी कुठली असायला. एका कपाटावर हात ठेवून आला आणि वर्षभर गप्प बसला.

दुसरा कल्याणकडचा म्हात्रे. माणूस मनाचा राजा. नोकरी सोडायची, पीएफ-पेन्शनचं सगळं काढायचं, आणि घरात कोणाची हळद असेल तिथे उडवायचं. आमच्याकडची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, हे वेगळं सांगायला नको. बेंजो, मंडप, सगळ्या गावाला जेवण. असं तीन कंपन्यांत केलं. म्हातारपणी माझ्याकडे आला तेव्हा पेन्शनला लागते ती दहा वर्षांची नोकरी कुठेच जमत नव्हती. मी काय करणार? तो मात्र हसत म्हणाला, "पण मामा, हळद कशी झालेली, आठवतं का?" आठवत होतं. मीच नाचलेलो.

आता निलेशचं सांगतो.

निलेश वर्तकनगरचा. वडील नव्हते, आईने चार घरची कामं करून त्याचं आयटीआय केलेलं. आमच्याकडे अप्रेंटिस लागला. सकाळी टाइम ऑफिसच्या खिडकीतून "जय भीम मामा" म्हणायचा, मी "राम राम" म्हणायचो, मग दोघं हसायचो. सरळ पोरगा, हात चांगला. अप्रेंटिसशिप संपली आणि कंपनीने त्याला कायम करायचं ठरवलं. आमच्याकडे पगार बरे होते, त्याचा मूळ पगार अगदी मर्यादेच्या काठावर बसत होता. जरा इकडे लिहिला तर आत, जरा तिकडे लिहिला तर बाहेर. ऑफिसर म्हणाले, मुलाला काय हवं ते विचारा.

मुलाला बाहेर हवं होतं. कारण त्याचं लग्न ठरत होतं. मुलगी कोपरची, तीच सुजाता. आपल्याकडे मुलगी देताना विचारतात काय? हातात किती येतात. पीएफ किती, पेन्शन आहे का, हे कोणी विचारत नाही. सुजाताच्या वडिलांनी पगाराची स्लिप बघायला मागितलेली. निलेशला वाटत होतं, त्या स्लिपवर कापाकापी दिसली तर सासरा तोंड वाकडं करणार. मी त्याला समजावलं, टिपणीससाहेबांनी समजावलं, गाढव पण म्हणाले. पोरगा मान हलवायचा आणि म्हणायचा, लग्न झाल्यावर बघू मामा. पण नंतर बघायला ते दार तसंच उघडं राहत नाही. ते त्याला पटेना.

मी घरी येऊन हिराला सांगितलं. ती तेव्हा मासळी विकायची, टोपली घेऊन वर्तकनगरच्या कॉलन्यांमध्ये फिरायची. ती म्हणाली, रविवारी जेवायला बोलवा त्याला.

रविवारी निलेश आला तेव्हा ही ओसरीवर कोळंबीचे वाटे लावत बसलेली. वाटा म्हणजे विकायला लावलेला छोटा ढीग. तिने त्याला समोर बसवलं आणि दोन वाटे पुढे सरकवले.

"हा तुझा वाटा," ती म्हणाली, "आणि हा शेठचा. तू पीएफच्या डब्यात नाव घातलंस तर दोन्ही वाटे तुझ्या डब्यात पडतात. नाय घातलंस तर तुझा वाटा तुझ्याकडंच राहील, तो कुठं जात नाय. पण शेठचा वाटा कुठं जाईल?"

निलेशने शेठच्या वाट्याकडे बघितलं.

"शेठच्या घरी शिजंल रं बाबा. आणि वर शेठ हसंल."

त्याने तो वाटा हाताने आपल्याकडे ओढला. मग म्हणाला, "पण मामी, तिचे वडील?"

"त्यांना मी बघते," हिरा म्हणाली.

आणि खरंच गेली. कोपरला, त्या लोकांच्या घरी, निलेशच्या आईला सोबत घेऊन. चांगलं लुगडं नेसून, अंबाड्यात फुलं घालून, आणि हातात पापलेटची पिशवी. सुजाताच्या वडिलांना म्हणाली, पोरगा हातात थोडे कमी आणणार आहे, कारण बाकीचे तो तुमच्या पोरीसाठी ठेवणार आहे. तुम्हाला हातातले हवे की ठेवलेले, तुम्ही सांगा. सुजाता आत दाराआड होती. ती पुढे मला म्हणाली, मामा, मी नवरा बघून नाही, ते वाक्य ऐकून हो म्हटलं.

निलेशने वाकून आत जायचं मान्य केलं. मूळ पगार मर्यादेच्या आत लिहिला, सही केली. लग्न झालं, मुलगी झाली. प्राची.

प्राची पाय टाकायला लागायच्या आत निलेश गेला. घोडबंदर रोडला, मोटारसायकलवर, कंपनीच्या कामावर पण नाही, घरी जाताना. कारखान्यात सगळे हळहळले आणि सगळे एकच म्हणाले, बिचारीला काही मिळणार नाही, दहा वर्षं कुठे झालेली. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मी टिपणीससाहेबांसमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी चष्मा काढून पुसला. ते चष्मा सहसा काढत नसत.

"दहा वर्षं लागतात ती स्वतःच्या पेन्शनला," ते म्हणाले. "नोकरीत असताना माणूस गेला तर बायकोला मिळायला एका महिन्याची वर्गणी पुरते. जा, कागद आण."

मी कागद घेऊन किती वेळा कचेरीत गेलो ते मोजलं नाही. सुजाता तेव्हा बोलत नव्हती, नुसती बसायची. हिरा तिच्याजवळ बसायची, बाळाला मांडीवर घेऊन. पेन्शन सुरू झालं. रक्कम मोठी होती असं नाही. पण महिन्याच्या महिन्याला यायची, आणि कोणाच्या उपकाराची नव्हती. सुजाता माहेरी कोपरला राहायला गेली, शिलाई मशीन घेतलं, ब्लाउज शिवून आणि त्या पेन्शनवर पोर वाढवली. त्या वर्षीपासून हिराने आगोटीला एक डबा जास्त भरायला घेतला. सुजाताच्या घरी सुकं खायची सवय नव्हती, वासाने नाक धरायचे. मग लागली.

मला कोणी विचारलं की नोकरीत काय केलंस, तर मी हे सांगतो. केलं हिराने, शिकवलं टिपणीससाहेबांनी. मी कागद नेले. पण नेले ते सगळे पोचले, एवढं माझं.

आता त्या शनिवारचं. आम्ही डबे भरत होतो तेव्हा प्राची आलेली. डिप्लोमा झाला, डोंबिवलीच्या एमआयडीसीत अप्रेंटिसशिप झाली, आणि त्याच कंपनीने तिला नोकरीत घेतलं. सोमवारी हजर व्हायचं होतं. मोबाइलवर पत्र दाखवायला लागली. त्यात दोन पर्याय होते. एकात मूळ पगार मर्यादेच्या वर, पीएफ नाही, पेन्शन नाही, हातात जास्त. दुसऱ्यात मूळ पगार मर्यादेच्या आत, दोन्ही आहे, हातात कमी. सही सोमवारीच करायची होती.

मला वाटलं, पोरीने माझ्यासमोर आपल्या बापाला आणून बसवलं.

पण तिचं कारण बापाचं नव्हतं. ती म्हणाली, "आजोबा, आईची मान दुखते. मशीन बंद करायचंय मला तिचं. हातात जास्त आले तर ह्याच महिन्यात बंद करता येईल."

चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो, पण आईची मान दुखते म्हणणाऱ्या पोरीला काय सांगायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. हिराने कात्री खाली ठेवली. तिने तिला काही समजावलं नाही. वाटे लावले नाहीत, बापाचं नाव पण घेतलं नाही.

"पोरी, तुझी आई मशीनवर बसली ती तुझ्या बापानं ठेवलं त्याच्या आधारानं," ती म्हणाली. "बघ, काय वाटतं ते कर. सोमवारी आजोबा येतील तुझ्याबरोबर."

"आजी, पहिल्या दिवशी आजोबांना घेऊन जाऊ? सगळे हसतील."

"हसू देत. आत नाय येणार ते. गेटवर बसतील. त्यांना गेटची सवय हाय."

प्राची हसली, बघते म्हणाली आणि गेली. मग हिरा मला त्या झाकणाचं बोलली. ते मी वर लिहिलंय.

रविवारी दुपारी आम्ही तिला खाडीकाठच्या स्मशानात नेलं. सुजाता आलेली, प्राची आलेली. प्राचीने नोकरीचं काही काढलं नाही. कोण काढेल?

सोमवारी सकाळी मी उठलो. घर माणसांनी भरलेलं. मी हातोडी घेतली आणि सुजाताच्या डब्याची कड ठोकायला बसलो. बायका बघत राहिल्या. झाकण बसलं. कपडे केले, डबा पिशवीत घातला. विजय, माझा मुलगा, त्याची शाळेची व्हॅन आहे, तो आडवा आला. म्हणाला, "बाबा, सुतक आहे. लोक काय बोलतील? आणि घरातून सुकं बाहेर नेता, आज?"

मी म्हणालो, "हे तिने शनिवारी भरलंय. सुतक रविवारचं आहे. तू नेतोस का मी चालत जाऊ?"

त्याने व्हॅन काढली. डोंबिवली येईपर्यंत वासामुळे त्याने एकदाही काच वर केली नाही.

कंपनीच्या गेटवर वॉचमन होता, तरुण, उत्तरेकडचा. मी सांगितलं, मला आत जायचं नाही, इथे बसतो. त्याने स्वतःचं स्टूल दिलं. थोड्या वेळाने प्राची आली. मला बघून थांबली. तोंडावर हात गेला तिचा.

"आजोबा, तुम्ही? आज?"

"आजीने सांगितलेलं," मी म्हणालो.

ती आत गेली. मी बसून राहिलो. ती काय सही करणार ते मला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगतो, तिने दुसरं काही केलं असतं तरी मी तिला बोललो नसतो. आईची मान ही काही लहान गोष्ट नाही. मी फक्त हिराने सांगितलेल्या जागी बसलेलो.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, गळ्यात नवीन ओळखपत्र. जवळ येऊन खाली बसली, माझ्या गुडघ्याशी.

"वाकून गेले आजोबा," ती म्हणाली. "आईला रात्री विचारलं. ती म्हणाली, मान माझी आहे, मी बघेन, तू शेठचा वाटा सोडू नकोस."

मी पिशवी तिच्या हातात दिली. तिने वास घेतला, डोळे पुसले आणि हसली पण. पहिल्याच दिवशी सगळं ऑफिस घमघमणार म्हणाली. डबा पोटाशी धरून आत गेली.

वॉचमन ते सगळं बघत होता. विचारायला लागला, "बाबा, डिब्बे में क्या था?"

मी त्याला सांगितलं, बारिश का खाना. त्याला कळलं नाही. मी उठायला लागलो. मग त्याचा गणवेश दिसला, कुठल्या तरी ठेकेदाराचं नाव त्याच्या खिशावर.

"तेरा पीएफ कटता है क्या रे?" मी विचारलं.

"पता नहीं, बाबा."

विजय व्हॅनमधून हॉर्न वाजवत होता. मी त्याला हाताने थांब म्हणून खूण केली, आणि परत स्टुलावर बसलो.